वेबसाइट नव्यानं करायचीय, मग आमच्या गावात कशाला येताय? : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मागच्या काही महिन्यांपासून आम्ही चौघं जण जळगाव, धुळे, नंदुरबार असे फिरतोय. एका सार्वजनिक प्रसारकाच्या वेबसाइटची मांडणी नव्यानं व्हायचीय, त्यासाठी लोकांना भेटायचं, त्यांच्या हातात फोन द्यायचा आणि ते काय करतात ते बघायचं, एवढंच आमचं काम. रोज तेच तेच प्रश्न येतात, ओट्यावर, आठवडे बाजारात, फोनवर, आणि मदतीला येणारी कॉलेजची पोरंपण तेच विचारतात, म्हणून सगळं एकदाच लिहून काढलंय.

सार्वजनिक प्रसारक म्हणजे कोण? सरकारच ना?

अगदी तसंच नाही. सार्वजनिक प्रसारक म्हणजे लोकांच्या पैशावर आणि लोकांसाठी चालणारं रेडिओ-टीव्हीचं काम. आपल्याकडं आकाशवाणी आणि दूरदर्शन प्रसार भारतीखाली येतात, कायदा १९९० चा, लागू झाला १९९७ मध्ये. ब्रिटनमध्ये बीबीसी, जपानमध्ये एनएचके, तिथं लोक त्यासाठी वेगळी फी भरतात.

आपल्या कायद्याचं कलम १२ वाचून बघा एकदा, त्यात शेती, शिक्षण, ग्रामीण भाग, आरोग्य याकडं खास लक्ष द्यायचं, वेगवेगळ्या प्रदेशांच्या संस्कृती आणि भाषांना जागा द्यायची, अंध, वृद्ध, मुलं यांचं हित जपायचं असं सगळं लिहिलेलं आहे. खाजगी कंपनी म्हणू शकते की आमचा ग्राहक पुण्या-मुंबईचा, बाकीच्यांचं नंतर बघू. सार्वजनिक प्रसारकाला तसं म्हणताच येत नाही, धडगावच्या पाड्यावरचा माणूसपण त्याचा तितकाच मालक. म्हणून आम्ही गावात येतो.

आणि हो, हे पान कुठल्याही रेडिओ-टीव्ही केंद्राचं अधिकृत पान नाही, काम करताना जे कळलं ते आम्ही आमच्या बाजूनं सांगतोय.

एवढं फिरण्यापेक्षा व्हाट्सअ‍ॅपवर फॉर्म पाठवा ना, भरून देतो की

फॉर्मपण पाठवतो आम्ही, पण त्याच्यावर फार विसंबत नाही. कारण फॉर्ममध्ये माणूस सांगतो त्याला काय वाटतं ते, आणि आपल्याकडं तर घरी आलेल्या पाहुण्याला तुमचं काम बेकार आहे असं तोंडावर कोण म्हणणार, चहा पाजतील, "छान आहे साइट" म्हणतील, बसस्टँडपर्यंत सोडायलापण येतील. पण त्याच माणसाला म्हटलं, नाना, कालचा शेतीचा कार्यक्रम जरा लावून दाखवा, की खरं काय ते पाच मिनिटात कळतं.

चोपडा तालुक्यातली गोष्ट सांगतो. केळीची कटाई चालू होती, दुपारी जेवायची सुट्टी झाली, एक मावशी झाडाखाली बसलेल्या, फोन रुमालात गुंडाळून कमरेला खोचलेला. रेडिओ रोज ऐकतात, पहाटेचं भक्तिसंगीत ते रात्रीचं सगळं पाठ. त्यांना म्हटलं फोनवर लावून बघा. हाताला केळीचा चीक लागून वाळलेला, बोटं काळी पडलेली, दोनदा धुतले तरी चीक काही जात नाही, आणि स्क्रीनला तो अंगठा कळेचना. बटण होतं गव्हाच्या दाण्याएवढं, त्याला चिकटून शेअरचं बटण. तिसऱ्यांदा दाबलं तर शेअरच उघडलं, मग घाबरून त्यांनी फोन उलटा करून मांडीवर ठेवला आणि म्हणाल्या, "माले नही जमत भो, मन्ही पोर करी देस."

हे वाक्य आम्ही इतक्या ठिकाणी ऐकलंय, वेगवेगळ्या शब्दांत, पण तेच. साइट चुकते आणि माणूस स्वतःला दोष देतो. चाळीस वर्षं रेडिओ ऐकणारी बाई, आणि तिला वाटतं की आपल्यालाच जमत नाही. मला याचा मनापासून त्रास होतो. अँड्रॉइडच्याच नियमात बटण कमीत कमी ४८ डीपीचं (डीपी हे स्क्रीनवरचं माप), म्हणजे साधारण ९ मिलिमीटरचं असावं असं सांगितलेलं आहे, ते पाळलं असतं आणि दोन बटणांमध्ये मोकळी जागा सोडली असती तर मावशींची अर्धी अडचण तिथंच मिटली असती. कुठल्या फॉर्ममध्ये मावशींनी हे लिहिलं असतं? फॉर्म त्यांच्यापर्यंत पोचलाच नसता.

वेबसाइटवर किती लोक येतात, काय दाबतात हे कॉम्प्युटरवर दिसतंच की. मग?

दिसतं, आणि ते आकडे आम्ही आधी बघूनच येतो. पण आकड्यात फक्त आलेले लोक असतात. जो आलाच नाही किंवा येऊन दहा सेकंदात परत गेला तो का गेला हे आकडा सांगत नाही. एखाद्या पानावर लोक सहा-सहा मिनिटं थांबतात असं दिसलं की ऑफिसात सगळे खूश होतात, आणि इकडं येऊन बघितलं तर माणूस सहा मिनिटं नुसतं बटण शोधत असतो.

पाच-सहा जणांना भेटून अख्ख्या खान्देशाचं काय कळणार?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि बरोबरच आहे. यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. किती टक्के लोक रेडिओ ऐकतात असं मोजायचं असेल तर पाच-सहा माणसं काही कामाची नाहीत, तिथं शेकड्यानं लोक लागतात. पण साइट कुठं अडते हे शोधायचं असेल तर थोडी माणसं पुरतात. वेबसाइट वापरायला सोप्या कशा होतील याचा अभ्यास करणारे जेकब नील्सन यांचा हिशोब या क्षेत्रात प्रसिद्ध आहे, त्यांच्या अभ्यासात एका माणसासोबत बसलं की सरासरी ३१ टक्के अडचणी दिसल्या, त्यावरून पाच जणांत साधारण ८५ टक्के सापडतात. पुढच्या माणसाला बसवलं तरी बहुतेक तेच तेच परत दिसतं, त्यापेक्षा सापडलेलं दुरुस्त करून मग नव्या पाच जणांकडं जावं.

मात्र ती पाच माणसं एकाच प्रकारची धरलेली आहेत, आणि इथंच लोक चुकतात. जळगावचा कॉलेजचा पोरगा, रावेरचा केळीवाला, साक्रीची आशाताई, अक्कलकुव्याच्या पाड्यावरची आजी, हे एकाच टोपलीत टाकता येत नाहीत. म्हणून आम्ही प्रत्येक प्रकारातले चार-पाच धरतो. एका फेरीत वीस-पंचवीस माणसं होतात आणि अशा तीन फेऱ्या तरी कराव्या लागतात.

त्या चिठ्ठ्यांचा खेळ काय असतो? आमच्या आबांना खेळायला बसवलं होतं

त्याला कार्ड सॉर्टिंग म्हणतात. साइटवर जे जे असणार त्याची एकेक चिठ्ठी करायची, बातम्या, बाजारभाव, हवामान, भजन, नाट्य, मुलाखत, अशा चाळीसेक, आणि माणसाला म्हणायचं की ज्या एकत्र असाव्यात असं वाटतं त्यांचे ढीग लावा आणि ढिगाला तुमच्या मनानं नाव द्या. आपण काही बोलायचं नाही.

ऑफिसातल्या लोकांनी लावलेले ढीग आम्हाला आधीच माहीत होते, कृषी विभाग, वृत्त विभाग, संगीत विभाग, म्हणजे ज्याच्या त्याच्या टेबलाप्रमाणे. आणि मग शिंदखेड्याकडं एका आबांनी खाटेवर चिठ्ठ्या मांडल्या. हवामान, बाजारभाव, बातम्या आणि अभंग एका ढिगात. आम्हाला वाटलं त्यांना नीट समजलं नाही. विचारलं, आबा, या ढिगाचं नाव काय? म्हणाले, चहाच्या वेळचं. दुसरा ढीग दुपारच्या जेवणाचा, तिसरा अंथरुणावर पडल्यावरचा. रेडिओ ऐकणारा माणूस विषयानं नाही, वेळेनं विचार करतो, कारण आयुष्यभर रेडिओ त्याच्याकडं वेळेनंच आलाय. पुढं आणखी बऱ्याच जणांनी तसेच ढीग लावले, विशेषतः पन्नाशीच्या पुढच्यांनी. तरुण पोरं मात्र विषयानंच लावतात, त्यामुळं नव्या मांडणीत दोन्ही वाटा ठेवायच्या, सकाळ-दुपार-रात्र अशी एक आणि विषयांची दुसरी, असं आम्ही कळवलंय.

त्याच खेळात शब्दपण उघडे पडतात. "संग्रह" या चिठ्ठीला लोक हात लावत नव्हते. "जुने कार्यक्रम" असं लिहून दिलं की लगेच उचलली. "प्रसारण वेळापत्रक" पेक्षा "आज काय लागणार". "थेट प्रक्षेपण" पेक्षा "आत्ता चालू". लोक जे बोलतात तेच बटणावर लिहावं, असं माझं ठाम मत आहे, त्यानं भाषेचा दर्जा वगैरे काही घसरत नाही.

मग साइट अहिराणीत का करत नाही?

मलापण आधी तसंच वाटायचं, घरी आम्ही अहिराणीच बोलतो. पण प्रत्यक्ष दाखवल्यावर वेगळं दिसलं. अहिराणी लोक ऐकतात आणि बोलतात मनापासून, पण शाळेत वाचायला शिकलोय आपण प्रमाण मराठी, त्यामुळं बटणावर अहिराणी दिसली की वाचताना थांबतात, एकेक अक्षर लावून बघतात. शिवाय खान्देश म्हणजे एकटी अहिराणी नाही, यावल-रावेरकडं लेवा गणबोली आहे, नंदुरबारकडं भिली, पावरी, मावची आणि कोकणा आदिवासींची कोकणी. त्यामुळं माझं मत असं की बटणं सोप्या मराठीत ठेवा, पण अहिराणी किंवा पावरीतला कार्यक्रम मात्र पहिल्याच पानावरून एका दाबात लागला पाहिजे, "लोकसंस्कृती" नावाच्या पाचव्या पानाच्या तळाशी नको.

शोधायच्या चौकटीचं तर खूपच महत्त्वाचं. आपल्याकडं ळ चा य होतो, माणूस जळगावला जयगाव म्हणतो, शाळेला शाया म्हणतो, आणि बरेच जण बोलून शोधतात किंवा जसं बोलतात तसंच टाइप करतात. ऱ्हस्व-दीर्घाची चूक तर सगळ्यांचीच होते, माझीपण. आम्ही बघितलं त्या साइटवर एक वेलांटी चुकली की "काहीही सापडले नाही" असं येतं, आणि माणूस समजतो की कार्यक्रमच नाही. शोधणाऱ्याला शुद्धलेखनाची परीक्षा द्यायला लावू नका, इतकंच म्हणणं आहे. ळ आणि य, न आणि ण, पहिली-दुसरी वेलांटी हे सगळं शोधताना सारखं धरणं इंजिनिअर लोकांना जमण्यासारखं काम आहे.

रेडिओ फोनवर ऐकला तर डेटा किती जातो?

वाटतो त्यापेक्षा कमी. आवाज ६४ केबीपीएसनं, म्हणजे सेकंदाला ६४ किलोबिटनं येत असेल तर एका तासाला साधारण २९ एमबी जातात, १२८ नं आला तर दुप्पट. दिवसाला दीड जीबीचा पॅक असेल तर ही काहीच रक्कम नाही. पण लोकांना हे कुणी सांगतच नाही, त्यामुळं व्हिडिओसारखाच जात असेल असं धरून बंद करतात. बटणाशेजारी "तासाला ३० एमबी" एवढं लिहिलं तरी फरक पडतो, आम्ही कागदावर काढून दाखवलं तेव्हा लोक बिनधास्त लावायला लागले. जड असतात ते पहिल्या पानावरचे मोठे मोठे फोटो, उद्घाटनाचे वगैरे, आणि सातपुड्यात रेंजची एक काडी असते तिथं त्या फोटोंपायी बटण उमटतच नाही. आवाज आधी, फोटो नंतर. यात मी अजिबात तडजोड करायला तयार नाही.

अ‍ॅप आहे ना, मग वेबसाइटवर एवढी मेहनत कशाला?

फोन भरलेला असतो हो. गुड मॉर्निंगचे फोटो, लग्नाचे व्हिडिओ, नवीन अ‍ॅप टाकायचं म्हटलं की काहीतरी उडवावं लागतं. आणि लोक येतात कुठून, तर कुणीतरी ग्रुपवर लिंक टाकतं तिथून, थेट एखाद्या कार्यक्रमाच्या पानावर. पहिलं पान बऱ्याच जणांनी कधी बघितलेलंच नसतं. म्हणून आत्ता चालू असलेला रेडिओ प्रत्येक पानावरून लागला पाहिजे.

बायकांशी बोलायचं तर घरातले पुरुषच उत्तर देतात, काय करता?

हे कॉलेजच्या पोरी विचारतात, कारण त्यांनाच अनुभव येतो. ओसरीवर बसलं की दादाच बोलणार, "तिला काय कळतं, मी सांगतो". वाद घालायचा नाही, आमच्यातला एक जण दादांशी बोलत बसतो आणि पोरी आत जातात, भाकरी थापताना, शेंगा फोडताना गप्पा होतात. आणि तिथं कळतं की घरात रेडिओ सगळ्यात जास्त तीच ऐकते, हात कामात असतात म्हणून. फोन मात्र तिचा नसतो, दिवसा पोराकडं किंवा नवऱ्याकडं, तिच्या हाती येतो रात्री. त्यामुळं "लॉगिन करा, आवडीचे कार्यक्रम साठवा" हे सगळं एका फोनवर एकच माणूस असतो असं धरून बनवलेलं असतं, ते तिच्या काही कामाचं नाही. लॉगिनशिवाय सगळं ऐकता आलं पाहिजे.

पाड्यावर गेलात तर भाषेचं काय?

२०११ च्या जनगणनेप्रमाणं नंदुरबार जिल्ह्यातले सुमारे ६९ टक्के लोक आदिवासी आहेत, तेव्हा त्यांना सोडून खान्देशाचं काम झालं असं म्हणताच येणार नाही. तिथं दुभाषा त्याच पाड्यावरचा घेतो. शाळेचे मास्तर घेत नाही, मास्तर चांगलेच असतात, पण ते बसले की लोकांना वाटतं परीक्षा चाललीय आणि बरोबर उत्तर द्यायला बघतात. दुभाष्याला एकच सांगायचं, सुधारून सांगू नको, जसं बोलले तसं सांग.

डोळ्यांनी दिसत नाही अशांनाही भेटता का?

हो, आणि सगळ्यात आधी भेटतो. रेडिओवर त्यांच्याइतकं प्रेम करणारे लोक मी बघितले नाहीत. भुसावळला एक दादा टॉकबॅकवर फोन चालवतात, म्हणजे स्क्रीनवर बोट फिरवलं की फोन वाचून दाखवतो. साइट उघडली तर फोन म्हणत राहिला, "लेबल नसलेलं बटण, लेबल नसलेलं बटण", सात वेळा. बनवणाऱ्यानं प्रत्येक बटणाला आतून नाव दिलं असतं तर झालं असतं, डोळस माणसाला तो फरक दिसतसुद्धा नाही. दादा शांतपणे म्हणाले, एकेक दाबून पाठ करून ठेवलंय मी, पण तुम्ही मांडणी बदलली की परत पहिल्यापासून. हे ऐकल्यापासून आम्ही नव्या साइटचा प्रत्येक कच्चा नमुना पडद्यावर पांढरा कागद लावून, नुसत्या आवाजावर चालवून बघतो. रंगाचंपण तसंच, अक्षर आणि मागचा रंग यांच्या उजळपणात ४.५ ला १ इतका तरी फरक हवा असा आंतरराष्ट्रीय नियम आहे, आणि मे महिन्यात जळगावच्या उन्हात फिकट राखाडी अक्षर तर चांगल्या डोळ्यालाही दिसत नाही.

पैसे मिळतात का? आणि ओटीपी-बिटीपी मागणार नाही ना?

ओटीपी, आधार, बँकेचं काहीही आम्ही मागत नाही, आमच्या नावानं कुणी मागितलं तर फोन ठेवून द्या.

वेळेचे पैसे देतो, कारण तासभर बसलं तर मजुरी बुडते. पाकीट सुरुवातीलाच देतो, शेवटी नाही, शेवटी दिलं तर माणसाला वाटतं चांगलं बोललो म्हणून मिळालं. रेकॉर्डिंग फक्त स्क्रीनचं आणि आवाजाचं, चेहऱ्याचं नाही, तेही आधी विचारून. संमतीचा कागद मोठ्यानं वाचून दाखवतो, मधेच नको वाटलं तर उठून जाता येतं, दिलेले पैसे परत मागत नाही. डेटा संरक्षणाचा २०२३ चा कायदा आहे, त्यात १८ वर्षांखालच्या मुलांसाठी आईवडिलांची संमती लागते, म्हणून शाळेच्या पोरांना आम्ही परस्पर बसवत नाही. तुमचाच फोन वापरायचा असेल तर आधी येणारे मेसेज बंद करायला सांगतो, नाहीतर बँकेचा मेसेज रेकॉर्डिंगमध्ये येतो.

कधी येता?

तुमच्या सवडीनं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला नाही, लेकी माहेरी आलेल्या असतात. कानबाईच्या सणाला नाही, पोळ्याला नाही, कापूस वेचणी ऐन भरात असेल तेव्हा नाही. एप्रिल-मे मध्ये सकाळी दहाच्या आत किंवा ऊन उतरल्यावर.

तुम्ही लिहून नेता, पुढं काही होतं का?

हा प्रश्न विचारताना लोकांच्या आवाजात जो थकवा असतो तो मला कळतो. पूर्वी मी दुसऱ्या एका संस्थेसाठी असंच काम केलं होतं, साठ-सत्तर पानांचा रिपोर्ट केला, तो कपाटात गेला आणि ज्या गावांत आम्ही जेवलो-राहिलो तिथं परत कुणी गेलंच नाही. एका आजींनी नंतर दोनदा फोन करून विचारलं होतं, बाळा, झालं का ते? माझ्याकडं सांगायला काही नव्हतं.

म्हणून यावेळी काम घेतानाच तीन गोष्टी मान्य करून घेतल्यात. साइट बनवणाऱ्या इंजिनिअरनं आणि डिझायनरनं निदान दोन दिवस आमच्यासोबत गावात बसायचं, मागं गप्प बसून बघायचं. ज्यांनी परवानगी दिली त्यांच्या दोन-दोन मिनिटांच्या क्लिप मीटिंगमध्ये लावायच्या, जाड रिपोर्ट कमी. आणि नमुना बदलला की त्याच लोकांकडं परत जायचं. चोपड्याच्या मावशींकडं आम्ही परत गेलो, यावेळी बटण अंगठ्याएवढं होतं, आजूबाजूला दुसरं काही नाही, खाली लिहिलेलं "आत्ता चालू". हाताला चीक तसाच होता. पहिल्याच दाबात लागलं. त्यांनी फोन बाजूला बसलेल्या बायांच्या मधे ठेवला आणि डबा उघडला.

सगळंच मान्य होतं असं नाही. वेळेनं लावायची मांडणी अजून अडलीय, शोधण्याचं काम अर्धवट आहे, जुन्या रेकॉर्डिंगला गावाचं आणि गाणाऱ्यांचं नाव जोडायचं काम तर फार मोठं आहे. लोक विचारतात, आमच्या गावच्या भजनी मंडळाचं रेडिओवर रेकॉर्डिंग झालं होतं, सापडेल का? ते नाव कुठंतरी लिहिलेलं असेल तरच सापडणार, आणि बऱ्याचदा फक्त "भजन" एवढंच लिहिलेलं असतं. त्याचा पाठपुरावा चालू आहे.

मला किंवा आईला भाग घ्यायचाय, काय तयारी लागेल?

काही नाही. वाचायचा चष्मा असेल तर तेवढा जवळ ठेवा. वाचता येत नसेल तरी चालतं, उलट अशांना आम्ही शोधतच असतो. पोरांकडून आधी शिकून घेऊ नका. आणि फोन पुसून, साफ करून, नवीन काच टाकून आणू नका, रोज वापरता तसाच आणा, फुटलेल्या काचेसकट.